विमानातली १५५३ डेटा बस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट म्हणून हा विषय घेणारी मुलं नागपुरात कमी नाहीत. वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय वायुसेनानगरात, विमान दुरुस्तीचा तळ मिहानमध्ये, तेव्हा चौकशी व्हायचीच. प्रश्न दरवर्षी तेच येतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. उत्तरं सारख्या लांबीची नाहीत. जिथे मुलं अडकतात तिथे मीही थांबलोय.

१५५३ म्हणजे नक्की काय?

अमेरिकी लष्कराचं मानक, मिल-स्टँडर्ड-१५५३. रडार, दिशादर्शक यंत्रणा, वैमानिकासमोरचे डिस्प्ले, मिशन कॉम्प्युटर, शस्त्रांचा हिशेब ठेवणारी पेटी, या सगळ्यांनी तारांच्या एकाच जोडीवरून, म्हणजे एकाच बसवरून, एकमेकांशी कसं बोलायचं याचे ते नियम आहेत. व्होल्टेज किती, केबल कुठली, आधी कोण बोलणार, उत्तर किती वेळात आलं पाहिजे, सगळं त्यात आहे. पहिली आवृत्ती १९७३ची. १९७५ला ए आली, ती एफ-१६ विमानात गेली. १९७८ला बी आली आणि आज कोणी नुसतं १५५३ म्हटलं तर बीच धरायची. नाटोचं मानक स्टॅनॅग ३८३८ म्हणजे जवळजवळ हेच.

त्याआधी काय करायचे?

प्रत्येक सिग्नलला वेगळी तार. उंची तीन पेट्यांना हवी असेल तर तीन तारा, तीन कनेक्टर आणि बिघाडाच्या तीन जागा. १९६०च्या दशकात विमानातली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा वाढत गेली तसं तारांचं वजन आणि दुरुस्तीचा वैताग दोन्ही हाताबाहेर गेले. १९६८मध्ये अमेरिकेतल्या एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने यावर समिती नेमली आणि तिच्या कामातून हे मानक तयार झालं.

१ मेगाबिट? बाप्पा, एवढ्याने काय होतं?

हा प्रश्न मोबाइल हातात धरूनच विचारला जातो.

वेग सेकंदाला १ मेगाबिटच आहे, आणि त्यातलाही बराच भाग कामकाजात जातो. पण लढाऊ विमानात विचारायचा प्रश्न वेगळा आहे : माझा डेटा उशिरात उशिरा कधी पोचेल? १५५३मध्ये याचं उत्तर कागदावर, बेरीज-वजाबाकीने काढता येतं. बघा.

प्रत्येक वर्ड (बसवरून जाणारा माहितीचा एक तुकडा) २० बिटांचा, म्हणजे २० मायक्रोसेकंदांचा. बसचा मालक असलेल्या कंट्रोलरला एखाद्या पेटीला जास्तीत जास्त डेटा, म्हणजे ३२ वर्ड पाठवायचे आहेत. कमांड २०, डेटा ६४०, पेटीने उत्तर द्यायला घेतलेला वेळ जास्तीत जास्त १२, तिचा स्टेटस वर्ड, म्हणजे पोच, २०. एकूण ६९२ मायक्रोसेकंद. दोन संदेशांमध्ये किमान ४ मायक्रोसेकंदांचं अंतर धरा, झाले ६९६. म्हणजे २० मिलिसेकंदांच्या एका फेरीत असे २८ संदेश बसतील, एकोणतिसावा बसणार नाही. पेट्रोलियम जेली लावूनही नाही.

हा हिशेब विमान हँगरमध्ये उभं असताना जितका खरा, तितकाच युद्धात. गर्दी झाली म्हणून कोणाचा संदेश मागे पडत नाही, कारण गर्दी होऊच दिलेली नसते. पन्नास वर्षं हे मानक टिकलं ते यामुळे.

लहान संदेश मात्र महाग पडतात. एकच डेटा वर्ड पाठवला तर २० अधिक २० अधिक १२ अधिक २०, असे ७२ मायक्रोसेकंद खर्च होतात आणि कामाचे बिट मिळतात १६. म्हणून डिझाइन करणारे लोक चार-चार छोट्या गोष्टी एका संदेशात कोंबतात आणि पुढे बसणाऱ्या पेट्यांसाठी फेरीत थोडी जागा मोकळी ठेवतात. प्रोजेक्टमध्ये शेड्यूल दाखवताना ही मोकळी जागा दाखवा, परीक्षक खूश होतो.

बसवर कोण कोण असतं?

तीन प्रकारचे लोक. बस कंट्रोलर, म्हणजे बीसी, हा मालक. रिमोट टर्मिनल, म्हणजे आरटी, या पेट्या. जास्तीत जास्त ३१. आणि बस मॉनिटर, जो ऐकून नोंद ठेवतो, बोलत नाही.

आरटी स्वतःहून कधीच तोंड उघडत नाही. सिव्हिल लाइन्सच्या हायकोर्टात पुकारा झाल्याशिवाय पक्षकार बोलत नाही, तसंच. तिला तातडीने काही सांगायचंच असेल तर ती आपल्या स्टेटस वर्डमध्ये सर्व्हिस रिक्वेस्टचा बिट चढवून ठेवते आणि कंट्रोलर तिच्याकडे वळेपर्यंत थांबते.

पत्ता पाच बिटांचा असल्यामुळे ० ते ३१ असे ३२ आकडे होतात. त्यातला ३१ सगळ्यांना एकदम सांगण्यासाठी, म्हणजे ब्रॉडकास्टसाठी राखीव. ब्रॉडकास्टला कोणीही उत्तर देत नाही, नाहीतर सगळे एकदम बोलले असते.

कमांड वर्ड कसा वाचायचा?

हे हाताने करून बघितल्याशिवाय डोक्यात बसत नाही. कमांड आहे : आरटी क्रमांक ५, तू घे, सबअ‍ॅड्रेस (पेटीच्या आतला कप्पा) ३वर, ४ वर्ड.

पहिले पाच बिट पत्ता, ००१०१. पुढचा एक बिट दिशा, ०. मग पाच बिट सबअ‍ॅड्रेस, ०००११. शेवटचे पाच बिट वर्डची संख्या, ००१००. एका ओळीत मांडा : ००१० १००० ०११० ०१००. हेक्समध्ये २८६४. यात एक आलेला आहे पाच वेळा, म्हणजे विषम. पॅरिटी (त्या बिटासकट एकांची संख्या) विषमच ठेवायची असल्यामुळे पॅरिटी बिट ०. या सोळा बिटांच्या आधी तीन बिटांइतका लांब सिंक (वर्ड सुरू झाल्याची खूण) आणि शेवटी पॅरिटी, असे वीस पूर्ण झाले.

मुलं तीन ठिकाणी हमखास घसरतात.

पहिली जागा दिशेची. घेणं आणि देणं हे नेहमी आरटीच्या बाजूने मोजायचं. कंट्रोलर पाठवतोय, म्हणजे आरटी घेतेय, म्हणून बिट ०. वरच्याच कमांडमध्ये आरटीकडून डेटा मागवायचा असता तर बिट १ आणि हेक्स २सी६४ झालं असतं.

दुसरी जागा ३२ची. पाच बिटांत ३२ मावत नाही, म्हणून ०००००चा अर्थ ३२. शून्य वर्डचा डेटा संदेश नसतोच.

तिसरी जागा सबअ‍ॅड्रेसची. तिथे ० किंवा ३१ आलं तर तो सबअ‍ॅड्रेस नसून मोड कोडची खूण असते, आणि मग शेवटचे पाच बिट संख्या न राहता हुकूम होतात : स्वतःला रिसेट कर, ट्रान्समीटर बंद कर, शेवटची कमांड पुन्हा सांग, तुझ्या चाचणीचा निकाल दे, वगैरे. म्हणून खरे सबअ‍ॅड्रेस ३०च.

कमांड वर्ड आणि स्टेटस वर्डचा सिंक सारखाच आहे. मग ओळखायचे कसे?

संदर्भावरून. कमांड कंट्रोलरच देतो आणि त्यानंतर ठरल्या वेळात येतो तो स्टेटस. मॉनिटर मध्येच जागा झाला तर त्याची थोडी पंचाईत होते. त्यासाठी इन्स्ट्रुमेंटेशन बिटाची सोय आहे : स्टेटसमध्ये तो कायम ०, कमांडमध्ये त्याच जागेवर कायम १. पण कमांडमधला तो बिट सबअ‍ॅड्रेसमधून चोरलेला असतो, त्यामुळे वापरायला सबअ‍ॅड्रेस निम्मेच उरतात. बहुतेक जण या वाटेला जात नाहीत.

काहून जी सर, कमांड बरोबर पाठवली तरी आरटी उत्तरच देत नाही?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, आणि विचारणारा आदल्या रात्रीपासून कोड तपासत असतो. कोड बाजूला ठेवा.

आधी हे पक्कं करा की १५५३मध्ये गप्प बसणं हेही उत्तर आहे. आलेल्या संदेशात पॅरिटी चुकली, एखादा वर्ड कमी-जास्त झाला किंवा मध्ये खंड पडला, तर आरटी आपल्या स्टेटसमध्ये चूक दाखवणारा बिट लावते पण तो स्टेटस पाठवत नाही. काय बिघडलं हे विचारायचं असेल तर तिला ‘स्टेटस वर्ड दे’ हा मोड कोड द्यायचा, म्हणजे जपून ठेवलेला बिट हाती लागतो. मध्ये दुसरी कुठलीही साधी कमांड दिली की तो पुसला जातो. इथेच पुरावा नष्ट होतो.

मग तारा बघा. जोडीतल्या दोन तारा कनेक्टरमध्ये उलट बसल्या असतील तर काहीही जळत नाही, ऑसिलोस्कोपवर लाटाही देखण्या दिसतात, आणि आरटी तरीही मुकी. कारण सरळ आहे. कमांडच्या सिंकमध्ये दीड बिट वर आणि दीड बिट खाली असतो, डेटाच्या सिंकमध्ये बरोबर उलटं. तारा फिरल्या की आरटीला कमांड ही डेटा म्हणून दिसते. मागे कमांड नसलेला डेटा तिने का घ्यावा? स्कोपवर पहिलाच उंचवटा वर आहे की खाली, एवढं बघितलं की उलगडा होतो.

तारा बरोबर असतील तर पत्ता. आरटीचा पत्ता शक्यतो सॉफ्टवेअरमध्ये नसतो, विमानाच्या कनेक्टरमधल्या पिना जोडून ठरतो. पाच पिना पत्त्याच्या आणि सहसा एक पॅरिटीची. एक पिन सैल झाली तर पेटीने भलताच पत्ता स्वतःचा समजू नये म्हणून ही सहावी. पॅरिटी जुळली नाही की पेटी गप्प बसते, आणि बेंचवर पेटी जोडताना हीच पिन विसरली जाते. याउलट दोन पेट्यांना एकच पत्ता मिळाला तर दोघी एकदम बोलतात आणि कंट्रोलरला कचरा ऐकू येतो. वेगवेगळ्या तपासल्या तर दोन्ही ठणठणीत.

एवढं करूनही गप्प असेल तर कंट्रोलर किती वेळ वाट बघतोय ते पाहा. आरटीला ४ ते १२ मायक्रोसेकंदांत उत्तर सुरू करायचं असतं आणि कंट्रोलरने किमान १४ थांबायचं असतं. प्रोजेक्टमधल्या कंट्रोलरांना धीर कमी असतो.

मल्टिमीटरने बस तपासता येते का?

येते, पण आकड्याने फसायला होतं.

समजा केबलचा इम्पिडन्स ७८ ओहम आहे. दोन्ही टोकांना ७८-७८ ओहमचे टर्मिनेटर, म्हणजे टोकाला बसवलेले रोधक. दोन तारांमध्ये मीटर लावला की ३९ ओहम दिसावे, असं सगळे सांगतात. नुसत्या केबलवर ते खरं आहे. मग विद्यार्थी तीन कपलर (पेटीला बसशी जोडणारे ट्रान्सफॉर्मरचे डबे) असलेल्या बसवर मीटर लावतो, १९ किंवा २० दिसतात आणि तो शॉर्ट शोधायला लागतो.

शॉर्ट नसतो. प्रत्येक ट्रान्सफॉर्मर-कपलरमध्ये बसच्या दोन्ही तारांवर एकेक रोधक असतो, इम्पिडन्सच्या पाऊणपट, म्हणजे ५८.५ ओहमचा, आणि त्यांच्यामध्ये ट्रान्सफॉर्मरची गुंडाळी. मीटर डीसी पाठवतो, आणि डीसीला गुंडाळी म्हणजे जवळजवळ साधी तारच. त्यामुळे मीटरला प्रत्येक कपलर ११७ ओहमचा दिसतो. ३९ म्हणजे ११७चा तिसरा हिस्सा. त्याला समांतर ११७चे तीन कपलर जोडले की १९.५. गुंडाळीचा रोध असतोच, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा थोडा वर. याच बसवर एक टर्मिनेटर गळून पडला असेल तर २६ येतील. म्हणजे ३९ हा आकडा पाठ करून उपयोग नाही, आपल्या बसवर कपलर किती आहेत ते मोजून अपेक्षित आकडा आधी काढायचा.

आणि स्टबच्या (बसपासून पेटीपर्यंतच्या छोट्या फांदीच्या) बाजूने, म्हणजे पेटी काढून तिच्या कनेक्टरमध्ये मीटर खुपसलात, तर फक्त गुंडाळी मोजली जाते. पलीकडे बस आहे की तुटलीय, हे तिथून कळत नाही.

ते रोधक कशासाठी, असंही पुढे विचारलं जातं. एखाद्या पेटीचा स्टब शॉर्ट झाला तरी बसला तो थेट शॉर्ट न दिसता मधे रोध दिसावा म्हणून. सिग्नल दबतो, पण बाकीच्या पेट्या चालू राहतात. ट्रान्सफॉर्मर-कपलर असेल तर स्टब २० फुटांपर्यंत चालतो. थेट जोडणीत फक्त १ फूट, आणि ही थेट जोडणी विमानात टाळतातच.

एखादी पेटी बिघडून अखंड बडबडत सुटली तर?

आरटीमध्ये स्वतंत्र टायमर असतो, तो ८०० मायक्रोसेकंदांच्या पुढे बोलू देत नाही. सगळ्यात लांब उत्तर म्हणजे स्टेटस आणि ३२ डेटा, ६६० मायक्रोसेकंद. त्यामुळे खऱ्या संदेशाला कात्री लागत नाही. तेवढ्यानेही भागलं नाही तर कंट्रोलर दुसऱ्या बसवरून तिला ‘तिकडचा ट्रान्समीटर बंद कर’ असा मोड कोड देतो.

दुसरी बस म्हणजे?

ए आणि बी अशा दोन बस असतात, एका वेळी बोलणं एकीवरच. उत्तर नाही आलं की कंट्रोलर तीच कमांड दुसरीवर देऊन बघतो. दोन्ही केबल विमानात शक्यतो वेगवेगळ्या वाटेने नेतात, म्हणजे एका गोळीत दोन्ही जाऊ नयेत. प्रोजेक्टच्या चित्रात दोन्ही बस एकाच पाइपातून काढू नका.

कारमधली कॅन बसही १ मेगाबिटचीच आहे. मग फरक काय?

कॅनवर ज्याला बोलायचं तो बोलायला लागतो, आणि दोघे एकदम लागले तर ज्याचा आयडी लहान तो जिंकतो. महत्त्वाच्या संदेशाला अडचण नाही, पण खालच्या आयडीवाल्याला किती थांबावं लागेल याचा हिशेब किचकट होतो. १५५३मध्ये स्पर्धाच नाही. शिवाय कॅनच्या तारांवर दोनेक व्होल्टचा खेळ, आणि १५५३चा आरटी स्टबवर शिखर ते शिखर १८ ते २७ व्होल्ट टाकतो. बाजूला रडार असताना या व्होल्टेजची किंमत कळते.

आपल्या वायुसेनेच्या विमानांत हे आहे का?

तेजसमध्ये आहे, सुखोई-३०एमकेआयमध्ये आहे, मिग-२१ बायसनमध्ये होतं. जग्वारच्या दारिन या दिशादर्शन आणि माऱ्याच्या यंत्रणेतून ते ऐंशीच्या दशकातच आपल्याकडे आलं. मिराज-२००० मुळात फ्रेंच डिजिबस घेऊन आलं होतं. रफालमध्ये स्टॅनॅग ३९१० आहे, म्हणजे १५५३सारख्या बसच्या हुकमतीखाली चालणारी २० मेगाबिटची जलद वाट. युरोफायटरमध्ये हीच वाट प्रकाशतंतूवर आहे. आकाशाच्याही वर जायचं तर इस्रोचे प्रक्षेपक आणि आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक, दोन्हीकडे १५५३ सापडेल.

मिहानमध्ये नोकरी लागली तर १५५३ उपयोगी पडेल का?

थेट फारसं नाही, आणि हे आधीच सांगितलेलं बरं. तिथलं, आधी एअर इंडियाचं असलेलं, दुरुस्ती केंद्र बोइंगबरोबरच्या करारातून उभं राहिलं आणि प्रवासी विमानांत १५५३ सहसा नसतं. तिथे प्रवासी विमानांतली डेटा बस, एरिंक ४२९, शिका : एक बोलणारा, जास्तीत जास्त २० ऐकणारे, ३२ बिटांचा वर्ड, वेग १२.५ किंवा १०० किलोबिट. उत्तराची भानगड नाही, त्यामुळे एका आठवड्यात डोक्यात बसतं. बोइंग ७७७वर त्याच्या जोडीला एरिंक ६२९, ७८७वर इथरनेटवर बेतलेलं एरिंक ६६४. दसॉ-रिलायन्सचा कारखाना फाल्कन विमानाचे सांगाड्याचे भाग करतो. तिकडे मेकॅनिकलवाल्यांनी जावं.

१५५३चं खरं काम एचएएल, डीआरडीओच्या प्रयोगशाळा आणि वायुसेनेच्या बेस रिपेअर डेपोंमध्ये. या डेपोंचा कारभार नागपूरच्या मुख्यालयातून चालतो, पण पेट्या उघडतात त्या ओझरसारख्या ठिकाणी.

हे सगळं गुपित नाही का? प्रोजेक्ट केला तर अडचण येईल?

मानक सार्वजनिक आहे, फुकट वाचायला मिळतं. गुपित असतो तो प्रत्येक विमानाचा इंटरफेस दस्तऐवज : कुठल्या पत्त्यावर कुठली पेटी, कुठल्या सबअ‍ॅड्रेसच्या कितव्या वर्डमध्ये काय. तो कोणाकडे मागू नका, ओळखीत कोणी वायुसेनेत असेल तर त्यांना अडचणीत आणू नका. आणि सोनेगावच्या तळाबाहेर उभं राहून विमानांचे फोटो काढू नका. आपल्या प्रोजेक्टसाठी खोटं विमान रचा. उंची, वेग आणि दिशा एवढ्यावर सगळं शिकता येतं.

घरी करून बघता येईल का?

खरे कपलर आणि ट्रान्ससीव्हर विद्यार्थ्याच्या खिशाला परवडत नाहीत, आणि सीताबर्डीच्या दुकानात मागितले तर दुकानदार तुमच्याकडे बघत राहील. पण तर्क शिकायला त्यांची गरज नाही. एक स्वस्त एफपीजीए (आतलं सर्किट आपण स्वतः रचायची चिप) बोर्ड, दोन आरएस-४८५ चिप आणि हातभर ट्विस्टेड पेअर वायर घ्या. एफपीजीएमध्ये मँचेस्टर एन्कोडर लिहा : १ म्हणजे बिटाच्या मध्यावर वरून खाली, ० म्हणजे खालून वर. दुसऱ्या बाजूला डिकोडर. हे १५५३ झालं असं अहवालात लिहू नका, विद्युत पातळ्या वेगळ्या आहेत. पण ही कल्पना पोरखेळही नाही : लहान शस्त्रांसाठी १० मेगाबिटची जी सुधारित १५५३ निघाली, तिने आरएस-४८५च वापरलं.

हे हॅक करता येतं का?

मानकात ओळख पटवणं नाही, सांकेतिकरण नाही. तारेवर जो बीसीसारखा बोलेल त्याचं ऐकलं जातं. सत्तरच्या दशकात तारेपर्यंत पोचणं हाच अडथळा धरला होता. आता यावर संशोधन चालतं, आणि त्यातली बरीच वाट ठरलेल्या वेळापत्रकातूनच जाते : कुठला संदेश कधी यायचा हे माहीत असेल तर न ठरलेला संदेश लगेच उठून दिसतो. एम.टेक.साठी चांगला विषय आहे.

मग हे जाणार कधी?

रडारचं चित्र किंवा व्हिडिओ यातून जात नाही, त्यासाठी फायबर चॅनेल आणि इथरनेट आले. एफ-३५मध्ये उड्डाण नियंत्रणाकडे आयईईई १३९४ची वाट आहे. तरी शस्त्रांच्या जोडणीचं मानक, मिल-स्टँडर्ड-१७६०, आतून १५५३बीच वापरतं, आणि जी शस्त्रं आज भांडारात आहेत ती विमान बदललं म्हणून फेकली जात नाहीत.

२०१८ला १५५३सी आली. बी शिकून वेळ वाया गेला का?

नाही. सीमध्ये मधल्या काळातल्या सूचना एकत्र केल्या, आकृत्या आणि तक्ते नीट केले. वेग, वर्ड, वेळा, कपलर, सगळं जिथल्या तिथे आहे.